वाघाच्या भीतीने ऐंशीने जाताय, पण आडवं येईल ते चितळ

वाचकाचं पत्र: "मी मूलचा. चंद्रपूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला आहे. रात्री अकराला सुट्टी होते आणि १२५ सीसीच्या गाडीवर घरी पोहोचायला बारा वाजून जातात. मागच्या महिन्यात सोबतच्या एकाच्या गाडीवर चिचपल्लीच्या अलीकडे चितळ आदळलं. खांद्याचं हाड मोडलं, अजून घरीच आहे. मला खरी भीती वाघाची वाटते. म्हणून लोहारा सुटलं की जंगलाचा पट्टा मी ऐंशीने काढतो, जितका कमी वेळ तितकं बरं. हरणं पळवणारी शिटी ऑनलाइन मागवली आहे. समोर दोन एलईडी दिवे टाकायचा विचार आहे. मिसेस म्हणते नोकरीच सोडा. ते जमणार नाही, हप्ते बाकी आहेत. शिटी चालते का? आणि हरीण समोर आलंच तर ब्रेक मारायचा की गाडी काढून घ्यायची?"

नमस्कार. शिटीचं आधी मिटवू. ती परत पाठवा. गाडीच्या तोंडाला लावायची, वारा शिरला की माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो आणि हरणं दूर पळतात, असा तिचा दावा असतो. अमेरिकेत गाड्यांवर हरणं आदळण्याचं प्रमाण खूप, त्यामुळे असल्या वस्तूंचा बाजारही तिथलाच. जॉर्जिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडीवर बसवलेल्या यंत्रातून वेगवेगळ्या पट्टीचे आवाज काढून मोकळ्या हरणांवर त्यांचा परिणाम तपासला. २००९ साली निष्कर्ष छापून आला: धडक टळेल असा बदल हरणांच्या वागण्यात कुठल्याच आवाजाने होत नाही. ती हरणं तिकडची होती हे खरं, पण आपल्या चितळाला अशी शिटी जास्त कळेल असं मानायला काहीच आधार नाही. चितळाला तुमच्या गाडीचा आवाज तसाही कितीतरी आधी ऐकू येतो. त्या आवाजाचं करायचं काय, हे त्याला कळत नाही. हॉर्नचंही तसंच. उभ्या असलेल्या कळपाला थांबून दुरून हॉर्न दिला तर तो हलतो, पण धावत्या गाडीवरून ऐन वेळी वाजवलेल्या हॉर्नने जनावर कुठल्या बाजूला उडी मारेल ते सांगता येत नाही.

आता तुमच्या ऐंशीकडे येतो. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात धोक्याची गोष्ट तीच आहे.

वाघाची भीती खोटी आहे असं म्हणणार नाही. तुमच्या जिल्ह्यातल्या माणसाला ते सांगणं आगाऊपणा होईल. पण एका वाघाला वर्षाकाठी पन्नासेक मोठी जनावरं मारावी लागतात. जंगलाने दर वर्षी तेवढी पुरवायची आणि तरी टिकायचं, तर एका वाघामागे पाचशेच्या आसपास चितळ, सांबर, रानडुकरं, रोही (नीलगाई) असावी लागतात, असा अभ्यासकांचा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे ज्या रस्त्यावर तुम्ही एका वाघाला भिता, त्याच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेकडो खुरांची जनावरं चरत असतात. वाघ बहुधा गाडीचा उजेड पाहून बाजूला बसून राहतो. चितळ तसं करत नाही. एक पलीकडे गेलं की कळपातली बाकीचीही त्याच्या मागे जायला बघतात, मग मध्ये तुम्ही असा की ट्रक असो.

वेगाने तुमचा वेळ किती वाचतो तेही पाहा. दाट जंगलाचा पट्टा वीस किलोमीटरचा धरला, तर ऐंशीने तो पंधरा मिनिटांत जातो, पन्नासने चोवीस मिनिटांत. नऊ मिनिटं वाचली. त्यासाठी काय मोजता?

धोका दिसणं, तो डोक्यात शिरणं आणि बोटं ब्रेकवर पडणं याला रात्री, थकलेल्या माणसाला दीड सेकंद सहज लागतो. पन्नासच्या वेगात तेवढ्यात गाडी एकवीस मीटर पुढे जाते. पुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक नीट लागला तर अजून चौदा मीटर. एकूण पस्तीस. ऐंशीच्या वेगात नुसत्या त्या दीड सेकंदात तेहेतीस मीटर जातात आणि थांबायला आणखी छत्तीस, म्हणजे एकोणसत्तर. हे दोन आकडे शेजारी ठेवा. पन्नासवाला जिथे पूर्ण थांबलेला असतो, तिथे ऐंशीवाल्याचा ब्रेक नुकता धरायला लागलेला असतो. हरीण तिथे उभं असेल, तर पन्नासवाला त्याच्याकडे बघत बसतो आणि ऐंशीवाला जवळजवळ पूर्ण वेगात त्याच्यावर जातो.

समोरून ट्रक येतोय आणि तुम्ही डिप्परवर आहात, तर साध्या १२५ सीसी गाडीच्या उजेडात जेमतेम तीस-चाळीस मीटर नीट दिसतं. म्हणजे डिप्परवर ऐंशीने जाणारा माणूस स्वतःच्या उजेडाच्या पलीकडे गाडी चालवत असतो. नियम यातूनच निघतो आणि तो एकच आहे: जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. अप्परवर, रस्ता मोकळा असताना पन्नास. समोरून वाहन येत असेल तर चाळीस, आणि ते गेल्यावर डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय होईपर्यंत चाळीसच. पाऊस असेल, मागे कुणी बसलेलं असेल, टायर गुळगुळीत झाला असेल तर त्याहून कमी. मागचे ट्रकवाले हॉर्न देतील, शिव्याही देतील. डाव्या कडेला घेऊन त्यांना जाऊ द्या.

ट्रक पुढे गेला की "चला, रस्ता साफ झाला" असं वाटून बरेच जण त्याच्या मागे जोरात सुटतात. चितळांच्या बाबतीत हे उलट आहे. कळप रस्ता ओलांडत असताना ट्रक मधून गेला की कळपाचे दोन भाग होतात. अलीकडे राहिलेल्यांना पलीकडच्यांत जाऊन मिळायची घाई असते आणि ट्रक सरकताच ती उडी घेतात. ट्रकच्या शेपटाला चिकटून येणारी दुचाकी नेमकी त्याच वेळी तिथे पोहोचते. तेव्हा मोठ्या वाहनामागे जायचंच असेल तर भरपूर अंतर ठेवा. त्याचे मागचे लाल दिवे दिसत राहतील इतपत पुरे. त्याने अचानक ब्रेक मारला की तुम्हालाही इशारा मिळतो.

एक हरीण दिसलं की ते एकटं नाही असंच धरायचं. पहिलं गेल्यावर सुटकेचा श्वास टाकून लोक गिअर वाढवतात, आणि धडक दुसऱ्या-तिसऱ्याची बसते. चितळ दिसलं तर थांबा, तीस-चाळीस मीटर मागेच. अप्पर असेल तर डिप्पर करा. रात्री चरणाऱ्या या जनावरांचे डोळे मंद उजेडासाठी बनलेले असतात. बुबुळामागे उजेड परतवणारा थर असतो, म्हणूनच ते डोळे चमकतात. तोंडावर प्रखर झोत पडला की त्यांना काही दिसेनासं होतं आणि ती जागच्या जागी खिळतात, नाहीतर उजेडाच्याच दिशेने पळत सुटतात. झोत खाली केला की त्यांना वाट दिसते. इंजिन चालू ठेवा, गाडीवरून उतरू नका, इंडिकेटर लावून मागच्याला सावध करा आणि शेवटचं जनावर गेल्यावर अजून थोडं थांबा.

प्रत्येक जनावर वेगळं वागतं, तेही लक्षात असू द्या. चितळाचा नर सत्तर-ऐंशी किलोचा, अंगावर ठिपके, उजेडात लवकर दिसतो. सांबर गडद तपकिरी, रात्री जवळजवळ अदृश्य. मोठा नर दोनशे किलोंच्या वर आणि बहुतेकदा एकटा. त्याने मान फिरवलेली असेल तर डोळेही चमकत नाहीत, रस्त्यात फक्त काळं काहीतरी उभं असतं. रोही दिसायला गाईसारखा, पण उंच पायांचा. नर दोनशे किलोंच्या आसपास जातो आणि त्याचं धड नेमकं दुचाकीस्वाराच्या छातीच्या उंचीवर येतं. तो जंगलापेक्षा शेतांच्या पट्ट्यात जास्त भेटतो. म्हणजे जंगल संपलं, मूल जवळ आलं, आता काही नाही असं समजू नका. रानडुक्कर बुटकं असतं, पण ते थेट पुढच्या चाकाखाली येतं आणि गाडी पाडायला तेवढं पुरतं.

वर्षभर धोका सारखा नसतो. पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला कोवळं गवत आधी उगवतं आणि चितळं तिथेच येऊन चरतात. श्रावणात तेच गवत कमरेएवढं झालं की त्यातून जनावर बाहेर येईपर्यंत दिसत नाही. धान पिकू लागलं की डुकरं बांध्यांमध्ये शिरतात, राखणदार फटाके फोडतात आणि बिथरलेला कळप रस्त्यावर येतो. कापणीनंतर लाखोळी, हरभरा हिरवा असतो, तेव्हा रोही आणि चितळं पिकाकडे जातात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात. ती हरणांनाही आवडतात आणि अस्वलालाही. रस्त्याच्या कडेला मोह कुठे आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण असते, त्यामुळे नाला, बोडी, तलाव जवळ असेल तिथे वेग आधीच उतरवा. शेताला तारेचं किंवा झटक्याचं कुंपण घातलेलं असेल तर जनावर त्याच्या कडेकडेने जातं आणि कुंपण संपतं तिथे रस्त्यावर येतं. अशा दोन-तीन जागा तुमच्या रोजच्या वाटेवर नक्की असतील. सुट्टीच्या दिवशी उजेडात एकदा त्या नजरेने रस्ता बघून या. कडेच्या मातीत खुरांनी पडलेल्या वाटा दिसतात. तीच जनावरं रोज तिथूनच जातात.

अकरा ही वेळ त्यातल्या त्यात बरी म्हणायची, कारण संध्याकाळी दिवस मावळताना आणि पहाटे उजाडण्याच्या सुमारास हालचाल सगळ्यात जास्त असते. पहिल्या पाळीला बदली झाली तर पहाटे पाचला निघताना हे डोक्यात ठेवा. पहिली पाळी म्हणजे सुरक्षित, असं नाही.

ब्रेक की वळवणं? ब्रेक. गाडी सरळ उभी ठेवून, दोन्ही ब्रेक एकत्र, झटका न देता पण जोर वाढवत. मागचा ब्रेक एकटाच दाबायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे, "पुढचा मारला की गाडी पलटते" या समजुतीतून आलेली. थांबण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते. १२५ सीसीपर्यंतच्या बऱ्याचशा नव्या गाड्यांना २०१९ पासून जोड-ब्रेक, म्हणजे सीबीएस, असतो. त्यात पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, पण थोडाच. हाताचा ब्रेक तुम्हालाच ओढावा लागतो, आणि तो चाक अडकू न देता कसा ओढायचा हे हरीण समोर आल्यावर शिकता येत नाही. एमआयडीसीतल्या एखाद्या रिकाम्या रस्त्यावर, दिवसा, हेल्मेट घालून, आधी वीसच्या, मग तीसच्या आणि चाळीसच्या वेगात सराव करा. हाताला अंदाज येतो.

वळवू नका म्हणतो याचं कारण असं. गाडी वाकवली की टायरची पकड वळण्यात खर्च होते आणि त्याच वेळी ब्रेक लावला तर चाक घसरतं. शिवाय तुम्ही ज्या बाजूला काढाल त्याच बाजूला जनावर जाणार नाही याची खात्री नाही. चितळ अर्ध्या रस्त्यातून माघारी फिरतं. हरीण चुकवताना समोरच्या ट्रकखाली किंवा कडेच्या सागावर गेलेला माणूस हरणाला धडकलेल्यापेक्षा जास्त जखमी होऊ शकतो. वेग अगदी उतरलेला असेल, वीसच्या आसपास, आणि जागा दिसत असेल तर त्याच्या मागच्या बाजूने हळूच काढा. पुढून काढायचा मोह नको. आणि नजर जनावरावर रोवू नका. जिथे नजर जाते तिथे गाडी जाते, हे चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं आणि ऐन वेळी प्रत्येक जण विसरतो.

एलईडीचं थोडक्यात. आधी आहे त्या दिव्याची काच पुसा, आतून काळी पडली असेल तर बदला, आणि तुम्ही गाडीवर बसलेले असताना झोत कुठे पडतो ते मेकॅनिककडून नीट लावून घ्या. निम्म्या गाड्यांचा झोत एकतर झाडाच्या शेंड्यावर असतो, नाहीतर पुढच्या चाकाजवळ. बाजारातले पांढरेफटक दिवे समोरच्याला आंधळं करतात, आणि तो आंधळा झालेला माणूस तुमच्याच दिशेने येत असतो. हेल्मेटवर आयएसआय खूण असू द्या, काच रात्री काळी नको, ओरखडे पडलेली असेल तर नवी घ्या. ती दोन-तीनशे रुपयांची काच तुमच्या एलईडीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. जाड जाकीट आणि बूट सांगायची गरज नसावी, पण उन्हाळ्यात चपलेवर जाणारे किती असतात ते मी पाहतो.

धडक झालीच, तर आधी स्वतःला आणि गाडीला रस्त्यावरून बाजूला काढा. रुग्णवाहिकेसाठी १०८, वनखात्यासाठी १९२६. जनावर जखमी असेल तर जवळ जाऊ नका. पडलेलं सांबर लाथ मारून किंवा शिंगाने माणूस फाडू शकतं, आणि गर्दी, आवाज, हाताळणी यांच्या धसक्यानेच हरणं मरतात. पाणी पाजायलाही जाऊ नका. ते जंगलात शिरलं तर मागे जायचं नाही, त्या जंगलात त्याचा माग काढणारे दुसरे आहेत. रस्त्यावर मेलेलं जनावर पडलं की कुणीतरी सुरी घेऊन येतो, हे तुम्ही ऐकलं असेल. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि धडक बसलेला माणूस तिथे उभा असला तर चौकशी त्याचीही होते. म्हणून फोन लगेच करा, पंचनामा होऊ द्या, फोटो काढून ठेवा. दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तर मदतीला बिनधास्त थांबा. मदत करणाऱ्याला पोलिसी त्रास होऊ नये यासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून स्वतंत्र कलम आहे.

विम्याचा कागद आज काढून बघा. फक्त थर्ड पार्टी असेल तर हरणाच्या धडकेने झालेलं गाडीचं नुकसान मिळत नाही, त्यासाठी ओन डॅमेजचं संरक्षण लागतं. मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा चालू आहे का तेही पाहा. बरेच जण नूतनीकरणाच्या वेळी थोडे पैसे वाचवायला तो गाळतात. हप्ते बाकी असलेल्या माणसाने तरी गाळू नये.

रस्त्यावर काही होऊ शकतं का, असाही प्रश्न मनात येईल. होऊ शकतं. नागपूरहून सिवनीकडे जाताना पेंचच्या जंगलात राष्ट्रीय महामार्ग ४४ खाली जनावरांसाठी नऊ मार्ग ठेवले आहेत, काही ५० मीटरचे, सर्वांत मोठा ७५० मीटरचा. चितळ, सांबर, वाघ त्याखालून जातात, कॅमेऱ्यांत नोंदलं गेलंय. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातला महामार्ग २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. तुमच्या पाळीचा विचार करता रात्रबंदी मी तुमच्यासाठी मागणार नाही. कडेचं गवत दर पावसाळ्यात दोनदा कापणं आणि खुरांच्या वाटा आहेत तिथे वेग उतरवणारे पट्टे टाकणं, एवढं ग्रामपंचायतींनी आणि तुम्ही मिळून बांधकाम विभागाकडे मागितलं तर ते अवास्तव नाही.

राहिल्या मिसेस. नोकरी सोडा हे त्यांचं म्हणणं मान्य होण्यासारखं नसेल, पण त्यांची काळजी बरोबर आहे, आणि शिटी दाखवून ती मिटणार नाही. निघताना फोन करा, आणि "पोहोचायला तास लागतो" असं सांगायचं सोडून "सव्वा तास लागेल" असं सांगा. कमी वेळ सांगितली की वाट बघणाऱ्याच्या आणि येणाऱ्याच्या, दोघांच्याही डोक्यात घड्याळ सुरू होतं आणि हात अ‍ॅक्सिलरेटरवर वळतो.

आणि कारखान्यात विचारा. मूल, चिचपल्ली, अजयपूर या बाजूने दुसऱ्या पाळीला येणारे तुम्ही एकटे नसाल. सोबतचा माणूस जखमी होऊन घरी बसलाय, म्हणजे विषय काढायला निमित्त आहे. चार-सहा जण असाल तर रोज रात्री एक भाड्याची गाडी ठरवण्याचा खर्च वाटून घेता येईल. कंपनीने अर्धा उचलला तर उत्तमच. अर्ज तोंडी नको, लेखी द्या, सगळ्यांच्या सह्यांसह, आणि त्यात मागच्या महिन्यातल्या अपघाताची तारीख व ठिकाण लिहा. एचआरवाल्याला तोंडी दिलेली विनंती दुसऱ्या दिवशी आठवत नाही. गाडी मिळेपर्यंत दोघा-तिघांनी एकत्र निघा, पण एकमेकांच्या मागे पन्नास मीटर सोडून. शेजारी-शेजारी गप्पा मारत जाऊ नका. पुढच्याचे ब्रेकचे दिवे लागले की मागच्याने वेग सोडायचा, एवढं आधी ठरवून ठेवा.